सारवलेला तट्टा

मी एक जुना तट्टा आहे. बांबूच्या पातळ पट्ट्यांचा, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर अजून चिडलेला.

जव्हारला राजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. दरबारच्या बागेचे एक अधिकारी पोशेरा गावी आले आणि तिथल्या देवजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरामागच्या उतारावर त्यांनी कॉफीची चाळीस रोपं लावून दिली. जाताना देवजीची बायको राही हिनं नुकतंच सारवलेलं अंगण बघून ते म्हणाले, "वा, किती स्वच्छ! फळं आली की अशाच स्वच्छ जागी वाळवा. माल चांगला निघाला तर उतार तुमच्याकडे राहील. नाहीतर झाडं काढून टाकू."

त्या 'स्वच्छ' शब्दानंच पुढं सगळा घात केला.

राहीनं चार उन्हाळे डोक्यावरून पाणी आणून ती रोपं जगवली. पाचव्या वर्षी थंडीत फळं लाल झाली, तेव्हा देवजीनं मला विणलं. खालूनही वारा लागावा म्हणून मुद्दाम विरळ विणलं आणि अंगणात चार मेढींवर बांधलं. आता आपलं नाव होणार म्हणून मी खूश होतो. दुसऱ्याच दिवशी राही शेणाची पाटी घेऊन आली आणि तिनं मला छान सारवून काढलं. माझं एकूण एक भोक बुजलं. अगं बाई, नको, म्हणून मी किती तळमळलो! पण तट्ट्याचं कोण ऐकतो?

बाकी तिचं काहीही चुकलं नाही हो. तिनं फक्त लाल फळं तोडली, पातळ पसरली, दिवसातून सात-आठदा हातानं खालीवर केली. ऊन उतरलं की दंव पडायच्या आत ती गोळा करून झाकायची. वीस दिवसांनी तिनं एक फळ कानाशी हलवलं, तर आतलं बी खुळखुळलं, म्हणजे ते पुरतं वाळलं होतं.

देवजी ओंजळभर नमुना घेऊन जव्हारला गेला आणि तोंड पाडून परत आला.

"वास येतं म्हनं. साफ जागेव सुकवा म्हनला. आजून एक डाव बघंल."

"मंग म्या काय घाणीत सुकवला?" राही म्हणाली.

झाडावर मागाहून पिकलेली थोडी फळं होती. ती वाळवायला घेतली तेव्हा राहीनं मला दुप्पट जाड सारवलं, आणि तेही दर तिसऱ्या दिवशी! फळं ओल्या शेणाचा वास पीत होती आणि मी नुसता चरफडत होतो. तिला तो वास कळणार कसा? ती जन्मापासून त्यातच वाढलेली. आणि जव्हारला बसलेल्या त्या अधिकाऱ्यांना एकदा येऊन मला बघावंसं वाटलं नाही.

दुसरा नमुनाही परत आला. मग दरबारची माणसं आली आणि त्यांनी चाळीसही झाडं मुळासकट उपटली. राहीनं एक वाळलेलं फळ कानाशी हलवलं.

"वाजतं तं बराबर," ती देवजीला म्हणाली. "मंग चुकलं कुठं?"

देवजीला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. कुणाला काम सांगाल तर शब्द टाकून निघून जाऊ नका. पुन्हा एकदा जा, त्याच्या अंगणात बसा, त्यानं काय ऐकलं ते बघा.

आता माझ्यावर नाचणी वाळते. तिची कुणी तक्रार करत नाही. परवा मला सारवता सारवता राही थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "तवा आजून जरा जाड सारवाया पायजे व्हता."