घेऊ का ती गोळी?

इस्पितळातल्या दुर्बिणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या मनगटात काळा दोरा होता. मधोमध दोरेवाला उभा. पूर्वी तो याच इमारतीत लिफ्ट चालवायचा. माणसं वर न्यायचा अनुभव दांडगा.

पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीने काढला की कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते, हे डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं होतं. दोरेवाला म्हणायचा, सूज माझ्या गाठीला घाबरते. आधी दोरा बांधलेले पाच जण त्याने बोलावून उभे केले. पाचही ठणठणीत.

मी बायकोला दोरा बांधला.

तिला आत नेताना सिस्टरांनी दारातच ट्रॉली थांबवली. सूज टळावी म्हणून एक गोळी मागच्या वाटेने ठेवायची आहे, म्हणाल्या. बायको लाजली. माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, घेऊ का ती गोळी?"

दोरेवाल्याने ऐकलं. "वहिनी, श्रद्धा पुढून आणि औषध मागून?"

सगळा बाक हसला. माझे कान तापले.

"नको," मी म्हणालो. "दोरा आहे ना."

संध्याकाळी तिच्या पोटात कळ उठली. अकराव्या दिवशी ती गेली. वहिनींची श्रद्धा कमी पडली, असं दोरेवाला म्हणाला. दोन महिने मी ते खरं मानलं. गेलेल्या बायकोवर रागावून बसलो.

तिचे कागद आणायला गेलो तेव्हा सिस्टरांना विचारलं, मग त्या पाच जणांना दोरा कसा लागू पडला?

त्यांनी मेणासारखी एक पांढरी गोळी काढून दाखवली. "पाचही जणांना मी ही दिली होती. तशी बऱ्याच जणांना सूज येतच नाही. हिच्यामुळे आणखी कमी जणांना येते. पण चारचौघांत हिचं नाव कोण काढणार? दोरा दाखवता येतो."

"म्हणजे ती वाचली असती?"

"तसं नाही सांगता येणार, दादा. शक्यता वाढली असती."

आता मी त्या बाकावर जाऊन बसतो. येणाऱ्यांना सांगतो, लाज वाटली तर वाटू द्या, पण सूज टाळायचं औषध आहे का, ते डॉक्टरांना विचारा. कोणी बरे झालेले दाखवले, तर त्यांना आणखी काय दिलं होतं तेही विचारा. जे दाखवायला उरले नाहीत, त्यांनाही मोजा.

भुतं नसतात, हे मला ठाऊक आहे. तरी चहा ठेवला की पाठीमागून ती विचारते, "अहो, घेऊ का ती गोळी?"

मी गॅस बारीक करतो आणि म्हणतो, "घे."