पद्मजाकाकूंच्या आवाजाचे मालक

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात चंद्रशेखरकाकांना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. पस्तीस वर्षं त्यांनी ऑपरेशन टेबलावर अमेरिकन लोकांना भूल दिली आणि शनिवारी घरी बैठका भरवून मराठी लोकांना जागं ठेवलं, असं ते स्वतःच सांगत. बैठकीत गायच्या त्यांच्या पत्नी, पद्मजाकाकू. तिकीट नाही, करार नाही, मानधन नाही. गाणं संपलं की गाणाऱ्याच्या खांद्यावर शाल घालायची, हाती श्रीफळ द्यायचं आणि मसालेभाताला बसायचं. सहीबिहीचं कुणी काढलं असतं, तर काकूंनी त्याला भातावर तूपसुद्धा वाढलं नसतं.

काकू गेल्या तेव्हा मागे राहिल्या बुरशी धरलेल्या कॅसेटी. काकांनी एकेक कॅसेटची बुरशी पुसून, गाणं कॉम्प्युटरवर उतरवून, मग ती फेकून दिली. मुलगा अनय याने वेबसाइट करून दिली. स्वस्त पडते म्हणून जागा घेतली हॉलंडमधल्या एका कंपनीकडे. गाणी तिथे ऐकता येत, उतरवून घेता येत नसत. आईचं गाणं कुणी चोरायला नको. पुढे काकांच्या कॉम्प्युटरची डिस्क मेली, तर काका म्हणाले, "जाऊ दे, नेटवर आहे ना!" नेट म्हणजे जणू देवघरातलं फडताळ.

उल्का नागपूरची. इथे आली तेव्हा तापाने फणफणली होती आणि काकूंनी तिला आठवडाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. तिची कंपनी चोरीची गाणी पकडणारं सॉफ्टवेअर करायची. गाणं एकदा ऐकवलं की यंत्र त्याचा ठसा घेई, आणि पुढे तेच गाणं जगात कुठेही दिसलं की मालकाच्या वतीने ते बंद पाडी. दोन हजार आठच्या त्या उन्हाळ्यात कंपनीचा सगळा जीव युरोपात अडकला होता. गाणी चोरणाऱ्याचं इंटरनेटच तोडावं, कोर्टाची कटकट नको, असं तिकडच्या बड्या संगीत कंपन्यांचं म्हणणं होतं. तसा कायदा करायचा का, यावर सप्टेंबरात युरोपच्या पार्लमेंटात मतदान होतं; झाला तर चोर पकडायला हेच यंत्र खपणार होतं. त्याआधी ब्रसेल्सहून पाहुणे डेमो बघायला येणार होते.

चालू गाणी तर कुणाचंही यंत्र ओळखतं. उल्काला असं गाणं हवं होतं, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्याच यंत्राकडे नसेल. "काका, काकूंची गाणी टेस्टिंगला घेऊ का?" तिने विचारलं. काका हरखले. "अगं, घे की! तिचं युरोप बघायचं राहूनच गेलं होतं." त्यांनी वेबसाइटचा पासवर्डच देऊन टाकला.

उल्काने सगळी गाणी यंत्राला ऐकवली. ठसे उमटले की आपल्याकडे उतरवलेली गाणी पुसायची, हा कंपनीचा नियम. तिने तो पाळला. प्रत्येक ठशापुढे मालकाचं नाव लागे आणि ती जागा रिकामी ठेवता येत नसे. काकूंचं नाव तिने घालून पाहिलं. कराराचा नंबर दिल्याशिवाय यंत्र ते घेईना. शालीला कुठला नंबर? घाईत तिने युरोपातल्या क्लायंटचं, एका बड्या संगीत कंपनीचं नाव टाकलं. डेमोनंतर काढू, म्हणाली.

डेमो झकास झाला. एका गोंगाटाच्या फितीतून यंत्राने काकूंचा आवाज क्षणात वेगळा ओळखला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नियमाप्रमाणे ती फीतही पुसली गेली. उल्का इतकी फुशारली, की क्लायंटचं नाव काढायचं विसरून गेली. आणि कंपनीने ती सगळी यादी ट्रायलसाठी युरोपातल्या, वेबसाइटना जागा देणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिली. त्यांत काकांची हॉलंडवाली होतीच.

ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला. "उल्का, साइट बंद पडली गं. म्हणे, ही गाणी दुसऱ्या कुणाच्या मालकीची आहेत. कॉन्ट्रॅक्ट दाखवा, नाहीतर अकाउंट डिलीट करू. पद्मजाच्या गाण्याचं कॉन्ट्रॅक्ट मी कुठून आणू? तू त्याच लाइनमध्ये आहेस ना, बघ की जरा."

उल्काने फोन ठेवला. ती तडक गुरुनाथच्या केबिनमध्ये गेली. गुरुनाथ तिचा मॅनेजर, मुंबईचा. काकांच्या घरचा मसालेभात त्यानेही चापलेला.

"आत्ता काढायचं नाही," तो म्हणाला. "व्होटिंग तोंडावर आलंय यार. डेमोमध्ये आपण चुकीचा मालक दाखवला, हे बाहेर गेलं तर विरोधवाल्यांच्या हातात कोलीत. नंतर गुपचूप करू."

"तोवर ते डिलीट करतील!"

"असं लगेच कुणी करत नाही. आणि तुझी ग्रीन कार्डची फाइल कुठे अडकलीय, माहितीये ना? माझ्या सहीशिवाय हलणार नाही ती."

हलकट माणूस. पण उल्का तरी काय करत होती? खाली मान घालून जागेवर आली. हॉलंडला एक पत्र लिहिलं असतं तरी पुरलं असतं. तिने ते लिहिलं नाही. काकांना ती म्हणत राहिली, "काका, प्रोसेस चालू आहे." आणि काका तिला आशीर्वाद देत राहिले.

सप्टेंबरात मतदान झालं आणि कंपनीचा डाव फसला. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणाचं इंटरनेट तोडू नये, असा कौल तिथल्या सभासदांनी दिला. उल्काला वाटलं, गुरुनाथ कोसळेल. तो कॉफी ढवळत होता.

"कायदा नाही तर नाही. कंपन्यांनी आपला फिल्टर घेतलाय ना? त्यांना कोर्ट लागत नाही. काढ आता ते नाव."

तिने नाव काढलं आणि हॉलंडला लिहिलं. उत्तर त्याच दिवशी आलं, अगदी अदबीचं. मुदतीत पुरावा न आल्याने अकाउंट पुसण्यात आलं होतं. प्रत ठेवलेली नव्हती.

संध्याकाळी काका दारात उभे. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. "बातमी वाचली मी! कोर्टाशिवाय आता कुणाचं काही तोडता येणार नाही म्हणे. आपण जिंकलो. आता गाणी येतील ना परत?" आणि ती काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली, हाती श्रीफळ दिलं. "पद्मजाची आहे. शेवटच्या बैठकीत मिळालेली. तू एवढी खटपट केलीस तिच्यासाठी."

उल्काला रडू फुटलं. मग ती एका दमात सगळं बोलली: मालक म्हणून कुणाचं नाव टाकलं, का टाकलं, का गप्प बसली, आणि आता कुठेही काहीही उरलेलं नाही.

काका ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पण तुझ्या मशिनमध्ये तरी असेल ना?"

"ठसा आहे, काका. काकूंचं गाणं कुठे लागलं तर मशिन ओळखेल. पण वाजवता नाही येत."

"म्हणजे त्याला ती आठवते," काका म्हणाले. "मला हल्ली आवाज नीट आठवत नाही गं. म्हणून तर रोज लावत होतो."

ते जायला वळले. उल्काने शाल ओरबाडून काढली, घडी घालून त्यांच्यापुढे धरली. "काका, ही तरी घेऊन जा. मला नको."

काकांनी शालीवरून एकदा हात फिरवला, पण ती घेतली नाही.

"घातलेली शाल परत घ्यायची पद्धत नाही आपल्यात," ते म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.