बंद पंपांचं पाणी

दसऱ्याच्या सकाळीच दीपमालाचा पारा चढला, आणि चढणार नाही तर काय! कारखान्याच्या मागच्या भिंतीलगत तपासणीसाठी पाडलेली एक बोअर होती. तिच्यात दोरीने नळी सोडून तिने वर ओढली, तर पारदर्शक नळीत पाण्यावर बोटभर काळपट डिझेल तरंगत होतं. वासाने डोकं भणाणलं. याच बोअरचं पाणी गेले कित्येक महिने स्वच्छ निघत होतं आणि त्याच्याच भरवशावर भिंतीपलीकडच्या वस्तीची सील केलेली बोअर आज मुहूर्तावर उघडायची होती.

कारण तिला लगेच कळलं. कारखान्याची जुनी डिझेलची टाकी जमिनीखाली वर्षानुवर्षं गळत राहिली होती. त्या डिझेलची सफाई व्हावी आणि ते खडकाच्या भेगांतून वस्तीकडे सरकू नये म्हणून आवारातले पंप रात्रंदिवस पाणी उपसत. नमुना घ्यायचा तो पंप चालू असतानाच, हा व्यवस्थापक दीनानाथांचा दंडक. वाशिमहून येऊन पाण्याचे नमुने तपासायची ही नोकरी धरल्यापासून दीपमाला त्यांना विनवत होती, एकदा पंप बंद ठेवून बघू या म्हणून. "आपण नमुने घ्या, कारखाना आम्ही चालवतो," एवढंच उत्तर मिळे. पण काल खंडेनवमी होती. दीनानाथ धार्मिक माणूस. त्यांनी स्वतःच्या हातांनी पंपांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि दसरा पार पडेपर्यंत यंत्राला कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. विनवण्यांनी जे झालं नाही ते पूजेने झालं. पंप थांबले, उपशाने खाली गेलेली पाण्याची पातळी चढली आणि खडकात दडून बसलेलं सगळं वर आलं.

म्हणजे सफाई झालीच नव्हती. घाण नुसती दाबून धरली होती. आणि सफाईचं काम संपल्याचा सरकारी शेरा मिळाला की दिवाळीआधी हे पंपसुद्धा उचलून न्यायचे होते! दीपमालाच्या अंगाची लाही लाही झाली. नळीला बूच मारून ती तडक वस्तीत गेली.

तिथे मांडव पडला होता. बोअर दुर्गाबाईंच्या दारातली, त्यामुळे आजच्या यजमानीणबाई त्याच. नवं लुगडं नेसून त्या मिरवत होत्या. बायकांनी घासूनपुसून हंडे रांगेत लावले होते. पोपट वेल्डरने बोअरवरचं लोखंडी झाकण कापून बाजूला ठेवलं होतं, आणि दीनानाथ नारळ फोडायला हात उचलत होते.

"साहेब, थांबा!"

"अहो दीपमालाबाई, आज सुट्टी ना? आपल्याला आमंत्रण दिल्याचं मला तरी आठवत नाही."

दीपमालाने उत्तर न देता नळीचं बूच काढून ती दुर्गाबाईंच्या पुढे धरली. दुर्गाबाईंनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. "ह्यो तर त्योच वास हाय! बोअर बंद केली तवाचा."

"घाबरायचं काही कारण नाही," दीनानाथ घाईघाईने म्हणाले. "पूजेसाठी पंप बंद आहेत, म्हणून एवढं दिसतंय. उद्या चालू केले की पुन्हा स्वच्छ."

"आणि काढून नेल्यावर?" दीपमालाने विचारलं.

"काढून नेनार?" दुर्गाबाई म्हणाल्या.

"हा टेक्निकल विषय आहे," दीनानाथ दीपमालाकडे वळून म्हणाले. " तो भर मांडवात काढायचा नसतो, एवढं तरी आपल्याला कुणी शिकवलं असेल. उद्यापासून आपण कामावर येऊ नका."

"नाही येत! पण साहेब, एका दिवसात हे वर येतं हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच बंद पंपांचा नमुना मला कधी घेऊ दिला नाहीत. आणि हेच पाणी या लोकांना पाजायला निघालात?" तिने नळी त्यांच्या नाकापुढे नेली. "लाज वाटत नाही?"

दीनानाथांनी नारळ खाली ठेवला आणि रुमालाने हात पुसले.

"पोपट, झाकन बशीव परत. चांगलं डाग," दुर्गाबाई म्हणाल्या. दीपमालाला हायसं वाटलं, तोच त्या तिच्यावर कडाडल्या. "तू खरं बोललीस, बरं केलंस. पन हंडा काय तुझ्या खऱ्यानं भरायचा? परत टँकरच्या मागं पळायचं ते आमीच ना?"

दुर्गाबाईंनी तिच्या उत्तराची वाट पाहिलीच नाही. रांगेतला पहिला हंडा उचलून त्या दीनानाथांच्या गाडीकडे गेल्या, मागचं दार उघडलं आणि हंडा सीटवर ठेवला. बाकीच्या बायकांना सांगावं लागलं नाही. सीट भरली, डिकी भरली.

"अहो, हे काय चालवलंय?"

"तुमच्या कारखान्यात प्यायला गाळलेलं पानी हाय. भरून आना. रोज."

"रोज? कुठवर?"

"जमिनीतलं तुमचं डिझेल संपस्तोवर," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि गाडीत न मावलेला हंडा त्यांनी साहेबांच्या हातात दिला.