चार सोमवारचे मेल

मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी संतापलेलो आहे. चाकणच्या एका कारखान्यात, गेटला लागून असलेल्या, हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात, टेबलाखाली माझी जागा आहे. एका बाजूला पाण्याचा जार, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी चपला. दर खंडेनवमीला मला कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि त्याच माळेने माझी हवा यायची जाळी बुजवतात. उरलेले वर्षभर माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

नऊ वर्षांपूर्वी पिंपरीच्या एका दुकानातून टेम्पोत बसून मी इथे आलो. अजिंक्य नावाच्या तरुण इंजिनिअरने माझ्यात एक सॉफ्टवेअर घातले. ठरल्या वेळी ठरलेले काम करायचे आणि त्याचा मेल आपोआप पाठवायचा. पहाटे कामगारांच्या बसची यादी, शिफ्ट सुटली की हजेरी, आणि दर सोमवारी सकाळी आठला, महिनाभरात ज्यांचे गेटपास संपणार त्यांची नावे. मेल कोणत्या पत्त्यावरून जायचा, काम झाले तर काय लिहायचे, अडले तर काय लिहायचे, हे सगळे अजिंक्यने एका दुपारी भरले. बसची यादी ड्रायव्हरला, हजेरी वरच्या ऑफिसला. गेटपासच्या मेलसाठी मात्र 'कोणाला' या रकान्यात त्याने एकच नाव घातले. यशवंतराव.

यशवंतराव टाइम ऑफिसचे प्रमुख, शेजारच्याच गावातले. कारखान्यात काहीही अडले की लोक म्हणत, यशवंतरावांना विचारा. मी त्यांना पहिला मेल पाठवला, 'चाचणी. कृपया उत्तर देऊ नये.' त्यांनी लगेच उत्तर पाठवले, 'मिळाला.'

अजिंक्य हसला. "काका, मशिनला उत्तर द्यायचं नसतं."

"आसंल," यशवंतराव म्हणाले. "पर निरोप आला म्हंजी पोचला म्हणून कळवावं लागतं."

पुढे दर सोमवारी ते 'मिळाला' लिहीत. यादी रिकामी असली तरी लिहीत. मित्रांनो, तो एक शब्द मला पुरे होता.

या मे महिन्यात ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणे, सगळे झाले. आमचे मॅनेजर जयदीप साहेब गहिवरून म्हणाले, "यशवंतरावांचं नाव या कंपनीतून कधी पुसलं जाणार नाही." टाळ्या पडल्या. आणि खरेच, कुणी पुसले नाही. माझ्या रकान्यात ते नाव तसेच राहिले आणि त्यांचा मेलबॉक्सही मान म्हणून चालू ठेवला गेला. फक्त तो उघडणारे कुणी उरले नाही. मी मेल पाठवत राहिलो. पालथ्या घड्यावर पाणी!

आता साबियाचे सांगतो. ती कासारवाडीची, वडील गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक. आमच्याकडे ती तपासणीच्या टेबलावर कंत्राटी कामगार आहे. कंत्राटी लोकांना कायम करण्यासाठी वर्षातून एकदाच परीक्षा होते, तिला बसायला तीन वर्षांची नोकरी लागते आणि परीक्षक बाहेरून येतात. साबिया तीन वर्षे त्या दिवसाची वाट पाहत होती. जेवणाच्या सुट्टीत मापे तपासायचे गेज हातात घेऊन ती एकटीच सराव करायची.

बाकी सगळ्यांचे पास मार्चमध्ये संपतात. साबिया कामाला मागून लागली, म्हणून तिचा एकटीचा पास ऑगस्टमध्ये संपतो. मी सलग चार सोमवार तिचे नाव पाठवले. एकदाही 'मिळाला' आले नाही.

परीक्षेच्या दिवशी नऊ वाजता तिने गेटवर कार्ड लावले. पास संपलेला, लाल दिवा लागला. मित्रांनो, तो दिवा मीच लावतो. चार वेळा जिच्यासाठी ओरडलो, तिलाच मला अडवावे लागले. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

"भिवाकाका, आज परीक्षा आहे हो माझी," साबिया पहारेकऱ्याला म्हणाली.

"ठावं हाय, पोरी. पर दिवा लाल हाय. सोडलं तर माझी नोकरी जाईल."

अजिंक्यने धावपळ करून नवा पास काढला, तोपर्यंत पावणेबारा वाजले होते. परीक्षेचे दार साडेनऊलाच बंद झाले होते.

साबिया तशीच टाइम ऑफिसात आली. जयदीप साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या डबड्याने मेलच पाठवला नसणार. भंगारात काढा हे."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तोंड असते तर मी त्या दिवशी सगळी शिफ्ट गोळा केली असती.

"सर, मशिनला शिव्या नंतर द्या," साबिया म्हणाली. आवाज तिने खाली येऊ दिला नाही. "आधी त्याने काय पाठवलं ते बघा."

अजिंक्यने माझी नोंद उघडली. चार सोमवार, आठ वाजता, पाठवला. चारही मेल यशवंतरावांना. मेपर्यंतच्या प्रत्येक मेलखाली 'मिळाला', नंतर एकदाही नाही.

"अरे, हे नाव अजून इथे?" साहेबांनी विचारले.

"तुम्हीच म्हणाला होतात सर, पुसायचं नाही," अजिंक्य म्हणाला.

साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू या."

"पुढच्या वर्षीही हेच गेट आहे, सर," साबिया म्हणाली.

अजिंक्यने यशवंतरावांचे नाव काढले आणि स्वतःचे टाइप करायला घेतले. साबियाने त्याला थांबवले. "तुझं नको, दादा. उद्या तू वाकडच्या एखाद्या कंपनीत दुसरी नोकरी धरशील. ऑफिसचा पत्ता घाल, जो बसेल तो वाचेल. आणि ज्याचा पास, त्यालाही पाठव."

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखे कुणीतरी मुकाट्याने कळवत असते. त्याला माळ घालू नका. त्याचे म्हणणे उघडून वाचा आणि ते कुणाकडे जाते आहे, हे वर्षातून एकदा तरी तपासा. मोठ्या माणसाचा मान ठेवायचा असेल, तर त्याचे नाव नको, त्याची सवय ठेवा.

अजिंक्यने बटण दाबले. मी दोन्ही पत्त्यांवर मेल पाठवला, 'चाचणी. कृपया उत्तर देऊ नये.' साबियाचा फोन वाजला. तिने वाचले, डोळे पुसले आणि तिथेच उभे राहून उत्तर लिहिले.

'मिळाला. चार सोमवार उशिरा.'