पद्माक्काचं बदललेलं मत

साखर कारखान्यात उसाच्या गाळपाच्या दिवसांत कसबा बावड्यावर मळीचा आंबूस दर्प पसरला, की आमच्या गल्लीतल्या खिडक्या धडाधड मिटत. एकट्या माझ्या थोरल्या बहिणीची, पद्माक्काची, खिडकी सताड उघडी राही. हिवाळ्याचं कोवळं ऊन सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर झेलत ती म्हणे, "आंबतंय म्हणजे कुणीतरी जित्तं हाय की!" सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. हट्ट हा तिचा जन्मजात अलंकार होता.

तरुणपणी ती वर्गात ठणकावून सांगे, की दह्यातले उपकारक जंतू आतड्यात कायमची वस्ती करतात आणि सर्वांचंच कल्याण करतात. त्या काळी बऱ्याच अभ्यासकांनाही तसंच वाटे. पुढं संशोधन सरकलं, तशी तीही सरकली: बहुतेक जंतू पाहुण्यासारखे चार दिवस राहून निघून जातात, जंतूंच्या एका वाणाचा गुण दुसऱ्या वाणात असेलच असं नाही, एकाला मानवलं ते दुसऱ्याला मानवेल याची हमी नाही, आणि फार अशक्त रुग्णाला ते क्वचित बाधूही शकतात. "बाई रोज टोपी फिरवतात," म्हणून लोक हसले. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र संताप यायचा, अजून येतो.

मुरगूडचा तिचा एक जुना विद्यार्थी, आता डेअरीचा मालक, आपल्या नव्या प्रोबायोटिक दह्याच्या जाहिरातीवर तिचं नाव मागायला आला. 'पोटाच्या सर्व विकारांवर' असं त्याला छापायचं होतं.

"अक्का, तुमीच शिकीवलंतं की!"

"शिकीवलंतं. तवा तेवढंच ठावं होतं. आता जास्त कळलंय, म्हणून न्हाय म्हणते. दही चांगलं हाय, तेवढंच छाप."

तो तोंड पाडून निघून गेला.

यंदा पद्माक्का गेली. शोकसभेत त्याच मालकानं गहिवरून सांगितलं, की दही हे पोटाच्या सर्व विकारांवर औषध आहे, ही अक्कांची शिकवण, आणि त्या अखेरपर्यंत तिच्यावर अढळ राहिल्या. माना डोलू लागल्या. मी उठून उभी राहिले. आवाज मोठाच निघाला, "न्हाय! माझ्या बहिणीनं मत बदललंतं, आणि समद्यांदेखत बदललंतं!"

डोलणाऱ्या माना माझ्याकडं वळल्या. माणूस गेलं, की काळ त्याची एकच मुद्रा धरून बसतो आणि तिलाच स्मृती म्हणतो. पण पद्माक्का कधी एका जागी बसणारी नव्हती, आणि मी आहे तोवर तिला कुणी बसवू शकणार नाही.