खानदानी वस्तरा

बब्रुवान आबांनी पितळी डबी उघडली तशी ओढ्याच्या काठावर बसलेली सगळी भाऊकी गप झाली. डबीत लाल फडकं, फडक्यात वस्तरा. शिंगाच्या मुठीचा, निजामाच्या टायमाचा. पंजोबानं हैदराबादवरनं आणला होता म्हणं. दाढीला त्याला कुणी हात लावायचा न्हाई. घरातला बाप्या माणूस मेला की दहाव्याला तेवढा तो बाहेर निघायचा, आणि पहिल्या डोक्यापासनं शेवटच्या डोक्यापर्यंत तोच फिरायचा. मधी धुवायचं न्हाई. फडक्याला पुसायचा की पुढचं डोकं. एक वस्तरा, एक सुतक. ज्यानं वेगळं पातं मागितलं तो भाऊकीतनं गेला. असा त्या खानदानाचा कायदा.

शिवराज त्या वस्तऱ्याकडं बघत होता आणि त्याच्या कानशिलात घण पडत होते.

आज त्याच्या बापाचा दहावा. वैजनाथ, आबांचा धाकटा भाऊ. पन्नाशी गाठायच्या आत लिव्हरच्या कॅन्सरनं गेला. आणि दहाव्यालासुद्धा मागं बसलेल्या दोघांची कुजबुज चालूच.

"लिव्हर गेलं म्हणं."

"मंग? चोरून घेत असंल."

"आरं, त्यो सुपारी खात नव्हता."

"तसलेच लई पितेत. आबांचा रणधीर काय, ह्यो काय, एका माळंचे मणी."

शिवराजला वाटलं उठावं आणि दोघांना ओढ्यात बुडवावं. त्याचा बाप चहातसुद्धा जास्तीचं दूध घालून प्यायचा, पोटाला बरं म्हणून. दुसऱ्यांचं ट्रॅक्टर चालवायचा, सांजच्याला घरी यायचा, ताक प्यायचा, झोपायचा. असल्या माणसाला मेल्यावर बेवडा करून टाकला, आणि कुणाला लाजसुद्धा न्हाई.

सुरुवात डोळे पिवळे व्हायपासनं झाली. कावीळ, दुसरं काय! वैजनाथच्या गळ्यात काविळीची माळ घातली. ओल्या काड्या दोऱ्यात गुंफलेल्या असतात. कावीळ उतरंल तशी माळ लांब होती म्हणं. माळ झाली लांब. छातीवरनं बेंबीवर आली. लोकं रोज येऊन माळ बघायची आणि म्हणायची, उतरली की! काड्या वाळल्या की गाठी सैल पडणार आणि माळ लोंबणार, हे शेंबड्या पोरालाबी कळंल. पण माळंकडं सगळ्यांनी बघितलं, माणसाकडं कुणीच न्हाई. माळ लांबली आणि बाप आटला. पोटात पाणी झालं तवा सोलापूरला नेला. तिथला डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाला, "इतक्या उशिरा का आणलं?"

का आणलं! शिवराजला त्या माणसाचा लई राग आला होता. पण पुढं तो डॉक्टरच नीट बोलला. बापाच्या रक्तात कावीळ ब सापडली. म्हणाला, ही पाण्यातनं होणारी कावीळ न्हवं, ही रक्तातनं होती. लहानपणी आत शिरली की बऱ्याचदा निघतच न्हाई, वीस-तीस वर्षं गुपचूप लिव्हर खाती आणि मग कॅन्सर करती. दारूचा थेंब लागत न्हाई तिला.

त्यानं मोबाईलवर देशाचा नकाशा दाखवला. कुठला भाग गडद, कुठला फिका. "गडद म्हणजे या कॅन्सरनं मरणारे जास्त," डॉक्टर म्हणाला.

शिवराजनं आपला भाग शोधला. "आमच्याकडं तर फिकं हाय, साहेब. आमच्या एका घरात चार गेले. आजा, मधले चुलते, चुलतभाऊ, आता ह्यो बाप."

"त्यांची सोनोग्राफी, रक्त, काही तपासलं होतं?"

"न्हाई. कावीळ झाली, गेले."

"मग ते कॅन्सरमध्ये मोजणार कोण? जिथं तपासत नाहीत तिथं नकाशा फिकाच दिसतो."

तेवढंच बोलून त्यानं पुढच्या पेशंटला आवाज दिला. शिवराज तिथंच उभा. म्हंजी आमी मेलो तरी मोजत न्हाईत? शहरातला मेला की कॅन्सरनं मेला, आमचा मेला की कावीळ न्हाईतर दारू. आणि गावात हीच माणसं छाती फुगवून सांगणार, ती शहरातली बीमारी, आपल्याकडं न्हाई बाबा.

डॉक्टरनं घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. आई सिताबाई मोकळी. बहीण निकिता मोकळी. धाकटा कृष्णराज मोकळा.

शिवराज न्हाई. बापाच्या रक्तात होतं ते त्याच्याबी रक्तात निघालं.

"घाबरू नका. लिव्हर अजून चांगलं आहे, तपासत राहायचं, लागली तर गोळी सुरू करायची," डॉक्टर म्हणाला. "बाकीच्यांना लस द्या. आणि तुमचं ब्लेड, वस्तरा, कुणालाही वापरू देऊ नका."

वस्तरा. हा शब्द डोक्यात घेऊनच तो येष्टीत बसला. तुळजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली. जावळ काढलेली पोरं आयांच्या कडंवर, डोस्की चकाचक, हळद लावलेली. ती बघितली आणि शिवराज घरातलं एकेक मरण मोजायला लागला. आजा मेला तवा बाप चारेक वर्षांचा होता, त्याचं डोकं त्या वस्तऱ्यानं झालं. मधले चुलते गेले तवा शिवराज आणि आबांचा रणधीर, दोघंबी चड्डीतली पोरं. त्यांचीबी त्याच वस्तऱ्यानं. कृष्णराज तवा जन्मला नव्हता. रणधीर गेला तवा कृष्णराज लातूरला होता, पेपर होता त्याचा. भाऊकीनं शिव्या घातल्या, भाऊ मेला तरी आला न्हाई. पेपरनं वाचवला त्याला! नक्की वस्तऱ्यानंच झालं का, हे आता कोण सांगणार? पण ह्या घरात पिवळे होऊन मेले ते सगळे बाप्येच. बाईमाणूस एक न्हाई. बायांच्या डोक्यावरनं वस्तरा फिरत नव्हता.

आणि आज तो वस्तरा पहिला शिवराजच्या डोक्यावरनं फिरणार होता. त्यानं अग्नी दिलेला. त्याच्यानंतर लगेच कृष्णराज. मग सगळी भाऊकी.

सकाळी चुलीपाशी आईनं त्याचे हात धरले होते. "शिवा, तुझ्या पाया पडते. तेरखेड्याचे पाव्हणे यायलेत दहाव्याला. निकिताचं लगीन होऊ दे, मग काय बोलायचं ते बोल."

"आणि किस्नाला लागलं तर?"

"तू शेवटी बस. गपचूप."

"आबा बसू देतेल?"

आई चुलीत फुंकत राहिली.

ते पाव्हणे, म्हंजी निकिताचे होणारे सासरे, आता बाभळीखाली खुर्चीवर बसले होते. फटाक्याच्या धंद्यातला माणूस. वात पेटायच्या आत लांब पळायची सवय असलेला.

"शिवा, बस पाटावर," आबा म्हणाले.

"मला शेवटी घ्या, आबा."

"अग्नी कुणी दिला?"

"म्या."

"मग पहिला मी बसू व्हय?"

चारदोन जण हसले. शिवराजनं दात खाल्ले. "मग हे पातं वापरा. मामाकडं सकाळीच पाकीट दिलंय. माणशी एक."

मामा म्हंजी गौरीशंकर वारीक. तीन पिढ्यांपासनं ह्या घराच्या हजामती त्यांच्याच घराकडं. त्यांनी पेटीतनं पाकीट काढलं. "आबा, पोरगं वावगं बोलत न्हाई. दुकानात मीबी गिऱ्हाईक बदललं की पातं बदलतो."

"दुकान तुझं येडशीला. इथं भाऊकी बसलीय." आबांनी पाकीट घेतलं आणि मागं भिरकावलं. "पातं वेगळं म्हंजी सुतक वेगळं. वैजनाथची माती वाळली न्हाई अजून, आणि ह्यो वाटण्या करायला निघाला. बस म्हणतो ना!" त्यांनी वस्तरा मामांच्या हातात दिला.

कृष्णराज भावाकडं बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. हळूच म्हणाला, "दादा, जाऊ दे. काही होत न्हाई."

काही होत न्हाई! ह्याच तीन शब्दांनी घर रिकामं केलं होतं. शिवराजच्या डोक्यात काहीतरी तुटलं. त्यानं गौरीशंकर मामांच्या हातातनं वस्तरा काढून घेतला, पाटावर बसला आणि स्वतःच कपाळापासनं मागं ओढला. एक पट्टा निघाला. दुसरा ओढताना हात वाकडा गेला. कानावरनं रक्त गळ्यात उतरलं. बायांच्या घोळक्यातनं आई ओरडली, "शिवाऽ!"

तो उठला. अर्धं डोकं भादरलेलं, हातात रक्ताचा वस्तरा.

"हं. पुसा फडक्याला आणि चालू द्या पुढं. कोण बसतंय? या की! बापाला होतं तेच माझ्या रक्तात हाय. कावीळ ब. ह्याच्यानंच कॅन्सर होतो. सोलापूरचा कागद घरात पडलाय, ज्याला वाचायचाय त्यानं वाचा. आज्याच्या डोक्यापासनं ह्यो वस्तरा फिरतोय आणि आपण एकेक करून पिवळे होऊन मरतोय. वर म्हणायचं, घराण्याला शाप हाय! शाप कसला? हे काय, माझ्या हातात हाय."

कुणी हललं न्हाई. मागं कुजबुजणारे दोघं मात्र बसल्या जागी दोन हात मागं सरकले.

तेरखेड्याचे पाव्हणे उठले. धोतर झटकलं. "आमाला निघायला पाहिजे. उशीर झालाय," म्हणाले आणि जीपकडं चालू पडले.

"ओ पाव्हणे!" निकिता बायांमधनं उभी राहिली. तोंड लालबुंद. "माझी तपासणी मोकळी हाय! तुमच्या पोराची करून आणा, मग बघू कुणाला उशीर झालाय ते!"

पाव्हण्यांनी मागं वळून बघितलं न्हाई. जीप चालू झाली. सिताबाईनं पदर तोंडात कोंबला.

"झालं समाधान?" आबा कडाडले. "बहिणीचं लगीन मोडलंस. बापाची अब्रू घालवलीस. कसला आलाय कॅन्सर! दारूनं गेला तुझा बाप. रणधीरवाणी! चोरून पिणारी अवलाद सगळी..."

"रणधीरदादा पीत नव्हता," शिवराज म्हणाला.

आबांचा आवाज तिथंच तुटला.

रणधीर म्हंजी आबांचा एकुलता एक. तीन वर्षांमागं गेला, तिशीच्या आत. त्याचं पोट फुगलं तवा आबांनी कासऱ्यानं मारला होता त्याला. बेवड्याला घरात जागा न्हाई म्हणून गोठ्यात बाज टाकून दिली. रणधीर शपथा घेत होता, तुळजापूरच्या आईच्या. मरायच्या दिवशीबी गोठ्यातच होता.

"शेवटची उलटी म्या धुतली त्याची," शिवराज म्हणाला. "रक्ताची होती. दारूचा वास नव्हता."

आबा मांडीवरचं लाल फडकं चाचपत राहिले.

मग कडूबाई उठल्या. आबांची बायको, रणधीरची माय. बायका दहाव्याला बाप्यांच्या बाजूला येत न्हाईत, पण त्या सरळ चालत आल्या. त्यांनी आबांच्या मांडीवरचं लाल फडकं उचललं, शिवराजपुढं पसरलं. "ठिव ह्याच्यात."

त्यानं वस्तरा ठेवला. रक्ताला हात न लागू देता चारी कोपरे धरून त्यांनी गाठोडं केलं. पिंडाचा भात शिजवलेली तीन दगडांची चूल अजून धगधगत होती. त्यांनी गाठोडं तिच्यात टाकलं. वर दोन गोवऱ्या सारल्या.

"कडू! खानदानाची वस्तू हाय ती!" आबा अर्धवट उठले.

"खानदान कुठं राहिलंय?" कडूबाई म्हणाल्या. "माझं तर जळालं. आता हेबी जळू दे. पोरगं आईची शपथ घेत होतं. म्या सांगत होते तुमाला. तुमी म्हणाला, बेवड्याला घरात जागा न्हाई. आठवा."

आबा खाली बसले.

शिंग जळायला लागलं. वास असा सुटला की पोरांनी नाकं दाबली. कडूबाई धुरात तशाच उभ्या, हालल्या न्हाईत.

कृष्णराज उठला, गवतातनं पात्यांचं पाकीट शोधून आणलं आणि गौरीशंकर मामांच्या हातात दिलं. पाटावर पाणी मारलं. बसला. मामांनी पेटीतला आपला वस्तरा काढला, नवं पातं बसवलं. त्याचं झालं की जुनं पातं डब्यात, दुसरं नवं. रांग पुढं सरकायला लागली. एकानं जाता जाता विचारलं, "शिवा, ती तपासणी सोलापूरलाच होती का रं?"

"आपल्या सरकारी दवाखान्यातबी होती. विचारायला तोंड लागतं."

शिवराजचा राग उतरला नव्हता. कानावरचं रक्त वाळून खाजत होतं. जीप गेली त्या रस्त्यावर अजून धुरळा होता आणि निकिता तिकडंच बघत उभी होती.

आबा चुलीपाशी सरकले होते. काटकीनं राख उकरत होते. वस्तऱ्याचं काळं पातं तेवढं राहिलं होतं. वर न बघता म्हणाले, "शिवा. खरंच वास नव्हता?"

एखादं मऊ उत्तर देता आलं असतं. म्हातारा माणूस. पण त्याला रणधीरची बाज दिसत होती, गोठ्यातली.

"नव्हता, आबा. तवाच सांगितलं होतं म्या. तुमी मला बेवड्याचा वकील म्हणाला होता."

आबांनी मान खाली घातली. काटकी हातातच राहिली.

"शिवा," गौरीशंकर मामांनी हाक मारली. नवं पातं बसवून ते वाट बघत होते. "ये. तुझं अर्धं राहिलंय."