श्वास धरून मीडियम

मी मीडियम आहे. हे नाव नाही, काम आहे. बायकांचे कपडे बनवणाऱ्या कंपनीच्या सॅम्पल रूममध्ये मी उभी राहते. नवीन डिझाइन निघालं की पहिला नग माझ्या अंगावर चढतो. कटिंग मास्तर टाचण्या लावतात, खडूने खुणा करतात आणि त्यावरून कारखान्यात मीडियमचे ढीगभर नग कापले जातात. बाकीचे साइझ त्यातूनच लहान-मोठे करतात. फोटोत मी नसते. फोटोला वेगळी मुलगी येते, उंच, काडीसारखी. माझं फक्त मानेखालचं लागतं. "तुमच्या तोंडाचं आम्हाला काही काम नाही," असं डिझाइन बघणाऱ्या मॅडम एकदा हसत म्हणाल्या होत्या. मीही हसले होते.

नुसतं उभं राहण्यात कसले कष्ट, असं माझ्या नणंदेला वाटतं. "आमच्या वहिनीला उभं राहायचा पगार मिळतो," असं ती चारचौघांत सांगते. उभं राहून दाखव म्हणावं एकदा. टाचणी टोचली तरी हूं की चूं करायचं नाही, कारण दचकलं की खूण सरकते. सुरुवातीला टोचायचं. मग अंगवळणी पडलं. आता कापडावर लाल ठिपका दिसला की कळतं, इथे काहीतरी गेलंय.

सोमवारी माझं माप घेतात. चाळिशी उलटली आणि कंबर आपल्या मनाने वागायला लागली. एका सोमवारी मास्तरांनी टेप लावली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. मास्तर हळूच म्हणाले, "जरा श्वास धरा." मी धरला, पोट आत ओढलं. मास्तरांनी जुनाच आकडा मोठ्याने वाचला. माझी नोकरी राहिली. मास्तर भला माणूस, त्यांनी माझं भलंच केलं.

पण आकडा जुना आणि अंग नवं म्हटल्यावर पुढे प्रत्येक ट्रायलला तेच करावं लागलं. "धरा," ते म्हणायचे. मी धरायची. टाचण्या लावून होईपर्यंत समोरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे बघत राहायचं, चोरून चोरून थोडी हवा घ्यायची. त्या वर्षीचा प्रत्येक मीडियम असाच बेतला गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. मला तसंही काही वाटायचं थांबलंच होतं.

हिरवा ड्रेस त्यातलाच. तो अंगालगतचा, बाजूला चेन असलेला. त्याचा फोटो निघाला तेव्हा मी काचेपलीकडून बघत होते. काडीसारख्या मुलीला तो ढगळ होत होता, म्हणून पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. पुढून बघाल तर जसा काही तिच्यासाठीच शिवलाय. तो फोटो मग चौकात लागला, इमारतीएवढा.

तिथेच माझ्या मुलीने तो पाहिला. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून आम्ही तिला गब्बू म्हणतो. म्हणायचो. दहावीत गेल्यापासून त्या नावाने हाक मारलेली तिला चालत नाही. शाळेच्या निरोप समारंभाला तिला तोच ड्रेस हवा होता, मीडियममध्येच.

"लार्ज घेऊ," मी म्हटलं. तिची हाडंच माझ्याहून रुंद.

"का? तो तुझ्यावर बेतलाय ना? तुला होतो. मग मला का नाही होणार? मी काय तुझ्याहून जाडी आहे?"

मी तिचा डबा घासायला घेतला.

तेव्हापासून तिचं जेवण सुटलं. मैत्रिणीकडे खाल्लं, पोट दुखतंय, नंतर जेवते. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. एकदा न्हाणीघरात भोवळ येऊन खाली बसली आणि म्हणाली, पाय घसरला. त्याच आठवड्यात नणंद आली. गब्बूला बघताच म्हणाली, "अगं बाई, किती छान बारीक झालीस! असंच ठेव हं." पोरीचा चेहरा उजळला. मी चहा ओतत होते, तो ओतत राहिले. आई म्हणून काळजात चर्र व्हायला हवं होतं. झालं नाही. फक्त कप भरून वाहिला, तो पुसला.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात आम्ही दुकानात गेलो. ती ट्रायल रूममध्ये, मी बाहेर तिचं दप्तर धरून. चेन अर्ध्यावर अडकल्याचा आवाज आला. मग शांतता. मग पुन्हा चेन.

"आई, झाला!"

पडदा सरकला. ती ताठ उभी होती. खांदे मागे, पोट आत, चेहरा लाल, नजर समोरच्या भिंतीवर. मी ते उभं राहणं लगेच ओळखलं.

"बघ ना," ती तुटक तुटक म्हणाली. "फक्त... श्वास... घ्यायचा नाही."

मी म्हटलं, छान दिसतेस. आणि ड्रेस घेतला. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, पण माझ्या तोंडाला कामाची सवय राहिलेली नव्हती.

सोमवारी सॅम्पल रूममध्ये नवीन नग अंगावर चढला. मास्तरांनी टाचण्या ओठांत धरल्या, वाकले आणि म्हणाले, "धरा."

मी धरला. समोर स्विचबोर्ड होता, आणि मला तिथे पोरीचा लाल चेहरा दिसायला लागला. मी श्वास सोडला. पूर्ण सोडला, पोटासकट. कंबरेच्या टाचण्या ताणल्या, एक सुटून उडाली आणि दुसरी बरगडीखाली घुसली.

"टोचलं," मी म्हणाले.

मास्तरांचा हात थांबला. मॅडमनी फोन कानावरून खाली घेतला. माझा आवाज ऐकून त्या दचकल्या असाव्यात.

"मास्तर, आता माप घ्या. खरं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनीच नको म्हणाले. मी हात वर केले. त्यांनी टेप लावली आणि आकडा वाचला, अगदी हळू आवाजात.

"हे मीडियम नाही," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नाहीत. बल्ब गेला तर आपण दुसरा आणायला सांगतो, तशा त्या मास्तरांना म्हणाल्या, "दुसरी बघा."

दुपारीच घरी आले. गब्बू आरशासमोर हिरवा ड्रेस घालून उभी होती, तशीच.

"आज लवकर?"

"काम गेलं. तू आधी श्वास सोड."

"उसवेल ना."

"उसवू दे."

तिने मान हलवली. मग मी पलंगावर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. टेप, मास्तर, स्विचबोर्ड. तिच्या अंगाला जो बसत नव्हता तो ड्रेस मी श्वास धरून उभी असताना बेतलेला होता, हे सांगितलं. चौकातल्या मुलीच्या पाठीवरचे चिमटेही सांगितले. ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे तुलाही होत नाही?"

"नाही."

"आणि तिलाही नाही?"

"नाही."

"मग हा होतो कुणाला?"

"कुणालाच नाही गं."

तिने आरशात त्या ड्रेसकडे एकदा बघितलं. मग तिचे खांदे खाली आले. बाजूची शिवण टरकन् उसवली. आत तिच्या बरगड्या होत्या, एकेक मोजता येईल अशा, आणि त्यांच्यावर चेनचा लाल वळ होता. मी तिथे हात ठेवला. तेव्हा चर्र झालं, इतक्या महिन्यांचं एकदम.

"आई," ती रडत म्हणाली, "मला खूप भूक लागलीये."

मी भात टाकायला उठले. बरगडीखाली टाचणी घुसलेली जागा दुखत होती, आणि ते मला कळत होतं.